लाइल पेटिग्रूचा उजवा खांदा

दुखतं का असं विचारलं की लाइल पेटिग्रू नाही म्हणायचा. मग मी खांद्याच्या पुढच्या बाजूला अंगठा रोवायची आणि त्याच्या कपाळावर घाम यायचा. तरी नाहीच. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगून टाकलं, की बाबा रे, माझ्या टेबलावर शूर माणसांचं काही काम नाही. सत्तर-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या इथे घसा फोडून ओरडतात आणि त्याच लवकर बऱ्या होऊन घरी जातात. तो कसनुसा हसला आणि म्हणाला, थोडं दुखतं. त्याचं थोडं म्हणजे आपलं किती, ते मला पुढे कळायचं होतं.

मी शरयू. मूळची नागपूरची, फिजिओथेरपी शिकलेली, आणि लग्न होऊन एकाहत्तर साली नवऱ्यामागे अमेरिकेत आलेली. चारुदत्त पुण्याचा, इंजिनियर, त्यामुळे त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. इलिनॉयमधलं आमचं गाव शिकागोपासून अडीच तासांवर. महिन्यातून एकदा तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जाऊन डाळ-तांदूळ भरून आणायचे, बाकी दिवस हॉस्पिटल आणि घर. हॉस्पिटलच्या तळघरात आमचं डिपार्टमेंट, आणि पंधरा वर्षं माझ्या वाट्याला खुबा मोडलेल्या आज्याच. खेळाडू यायचे ते माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांकडे. शहाऐंशीच्या जानेवारीत त्यातले दोघं एकदम नोकरी सोडून गेले, म्हणून लाइल माझ्याकडे आला. मला कोणी निवडलं-बिवडलं नव्हतं, उगाच गैरसमज नको.

तो बेसबॉलमधला रिलीफ पिचर. आपल्या भाषेत बोलर म्हणा. पण सुरुवातीपासून बॉल टाकणारा वेगळा असतो. तो दमला, मार खायला लागला, की शेवटच्या तासाभरात जो येऊन सावरून घेतो तो रिलीफ पिचर. किती वाजता बोलावणं येईल, येईल की नाही, काही सांगता येत नाही. बत्तीस वर्षांचा होता. मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं काढलेली, पण त्यातलं एकही वर्ष सलग नाही. एक्याऐंशीत कोपराचं ऑपरेशन. ब्याऐंशी अख्खं घरात. त्र्याऐंशीत परत आला, चांगला खेळला, वर्तमानपत्रात फोटो-बिटो आले, आणि चौऱ्याऐंशीत खांदा गेला. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात त्या खांद्यात दुर्बीण घालून ऑपरेशन केलं. आता मोठ्या संघानं त्याला खालच्या संघात, म्हणजे आमच्या गावी धाडलं होतं. कसोटीतून काढून रणजीत टाकतात, तसं. सप्टेंबरात मोठ्या संघांना जास्तीची माणसं ठेवता येतात, तोपर्यंत खांदा टिकला तर परत बोलावू, असं त्यांनी सांगितलं होतं.

एकदा बर्फाची पिशवी बांधून बसला असताना त्यानं मला सरळ सांगितलं. म्हणाला, "शेरी, मला आता फार वर्षं नकोत. मला फक्त खेळून संपवायचंय. दोन्ही वेळा मी टेबलावर संपलोय, गुंगीच्या औषधात. एकदा मैदानात जाऊन, बॉल टाकून, चालत बाहेर यायचंय." शरयू त्याच्या जिभेला जमलं नाही, म्हणून मी शेरी. मला ते नाव आवडत नव्हतं. पण त्या दिवशी नाव दुरुस्त न करता मी बर्फाची पिशवी नीट करत राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

मग मी कंबर कसली. खांद्याभोवती चार छोटे स्नायू असतात, हाड जागेवर धरून ठेवणारे. ऑपरेशन झालेल्या माणसाचे ते चार स्नायू म्हणजे नुकत्याच उठलेल्या बाळंतिणीसारखे, त्यांना हळूहळू कामाला लावायचं असतं. रबराची नळी दाराला बांधून रोज दोनशे वेळा ओढायची. डाव्या कुशीवर झोपायचं. नो वेट-लिफ्टिंग. आणि मुख्य पथ्य हे, की एक दिवस मॅचमध्ये बॉल टाकला की पुढचे दोन दिवस पूर्ण विश्रांती. हे मी त्याच्या कानीकपाळी ओरडले, कागदावर लिहून दिलं, त्याच्या बायकोला फोन करून सांगितलं. क्लबकडून, म्हणजे त्याच्या संघाकडून, दर महिन्याला एक फॉर्म यायचा. त्यावर मी शेरा लिहायचा आणि आमचे सर्जन न वाचता सही करायचे. एप्रिलच्या शेऱ्यात मी लिहिलं, दोन दिवसांआड खेळवा. क्लबनं ते मान्यही केलं.

आता ऐका माझी हुशारी. माझे वडील नागपुरात क्लबच्या क्रिकेट मॅचेसचे स्कोअरर होते. आमच्या घरात जेवणाच्या वेळी ओव्हर्सची बेरीज चालायची. टाकलेला प्रत्येक बॉल वहीत असतो, नो-बॉलसुद्धा असतो, ही माझी बालपणापासूनची श्रद्धा. इथल्या वर्तमानपत्रातही आदल्या दिवशीच्या मॅचचा तक्ता येतो. कोण खेळलं, किती टाकलं, सगळं. मी रोज सकाळी चहाबरोबर तो तक्ता बघायची आणि लाइलचा दिवस डायरीत लिहायची. मंगळवारी खेळला. बुधवार, गुरुवार नाव नाही, म्हणजे विश्रांती. शुक्रवारी खेळला. चारुदत्त म्हणायचा, तू त्याची थेरपिस्ट आहेस की सासू? मी म्हणायची, गप्प बस. डायरी बघून मला इतकं समाधान व्हायचं की विचारू नका.

मे महिना सोन्यासारखा गेला. हात कानाला लावून सरळ वर जायला लागला. आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला मी सगळ्यांना सांगत सुटले, की मोठ्या लीगचा खेळाडू माझ्या हाताखाली बरा होतोय. मालिनीताई म्हणाल्या, अगं पण त्या खेळात धावतात तरी कधी? मला राग आला. एरवी मलाही तो खेळ कळत नव्हता, पण आता तो माझा खेळ झाला होता ना.

जूनच्या शेवटी खांदा पुन्हा सुजायला लागला. मी डायरी काढली. सगळं पथ्यात होतं. चौदा दिवसांत चारदा खेळलेला, प्रत्येक वेळी मध्ये दोन दिवस रिकामे. मग सूज कशानं? माझा संशय सरळ त्याच्यावर. नळी ओढतोस की नाही? ओढतो. खोटं बोलू नकोस. ओढतो, शेरी. मग बोट ओढलीस का तळ्यातून? सामान हलवलंस? बायकोला फोन करून विचारलं, ती बिचारी म्हणाली तो घरी कपसुद्धा उजव्या हातानं उचलत नाही. तरी जुलैभर मी त्याला झापत राहिले. म्हटलं, मी इथे जीव टाकतेय आणि तू तिकडे काय धंदे करतोस देव जाणे, तुझ्यावर मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अर्थात हे इंग्रजीत जेवढं जमेल तेवढं. तो खाली बघून ऐकून घ्यायचा. दमलेला दिसायचा, पण बोलायचा नाही. आणि मी अशी शहाणी, की मला वाटलं अपराधी आहे म्हणून गप्प आहे.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चारुदत्त म्हणाला, चल, एकदा तुझा जावई खेळतो कसा ते बघून तरी येऊ. दुपारची मॅच होती. तोवर मी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. तिकिटं स्वस्त, म्हणून चारुदत्तनं कडेची घेतली. समोरच कुंपणापलीकडे एक लांबट पट्टी होती, तिथे एका बाकावर पाच-सहा पिचर बसले होते. त्याला बुलपेन म्हणतात. लाइल टोकाला बसला होता. आदल्या दिवशी तो खेळला होता, म्हणजे माझ्या हिशेबानं आज विश्रांती. मी निवांत होते. बरोबर दडपे पोहे होते.

अर्ध्या खेळात तिथला भिंतीवरचा फोन वाजला. लाइल उठला, जॅकेट काढलं, आणि बॉल टाकायला लागला. आधी हळू, मग जोरात, मग अगदी पूर्ण ताकदीनं. समोरच्याच्या हातमोज्यात बॉल असा आपटायचा की आमच्यापर्यंत आवाज यायचा. मी मोजले, चोवीस. फोन वाजला, तो बसला. अर्ध्या तासानं पुन्हा फोन, पुन्हा उठला. बावीस. बसला. घाम वाळायच्या आत तिसऱ्यांदा उठला. सव्वीस. आमचा संघ जिंकला, दुसऱ्याच कोणीतरी शेवट केला, आणि लाइल जॅकेट खांद्यावर टाकून निघून गेला. बहात्तर बॉल. मी पोह्यांचा डबा उघडलासुद्धा नव्हता.

चारुदत्तनं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, हे असं रोज असतं का. म्हातारा म्हणाला, रोजच. मॅनेजरला, म्हणजे त्यांच्या मुख्य कोचला, धाकधूक वाटली की पेटिग्रूला उठवतो. लागला तर तयार असावा. आणि मोजतात का हे कुठे? म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. गाडीत बसल्यावर चारुदत्त म्हणाला, "घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं." एरवी मी त्याला त्याच्या पुणेरी म्हणींवरून टोचते. त्या दिवशी मला रडूच फुटलं. सोमवारच्या तक्त्यात लाइलचं नाव नव्हतं. माझ्या डायरीत असे रिकामे दिवस अठ्ठावन्न होते.

मंगळवारी तो आला तेव्हा मी टेबलावर झोपू दिलं नाही, खुर्चीत बसवलं. विचारलं, हे मला सांगितलं का नाहीस? तो खरोखर गोंधळला. म्हणाला, तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही विचारायचात किती मॅच खेळलो. ते मी खरं सांगायचो. मी म्हटलं, आणि बाकीचे बॉल? तो म्हणाला, ते धरत नाहीत. आमच्यात कोणीच धरत नाही. आणि उठ म्हटल्यावर आज नको म्हणणारा रिलीफ पिचर दुसऱ्या दिवशी घरी जातो, मागे दहा जण उभे असतात. हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला माझीच लाज वाटली. महिनाभर मी त्याला चोर ठरवलं होतं आणि त्यानं ऐकून घेतलं होतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या, मला सवय आहे.

त्याच आठवड्यात खांद्यात रंग टोचून एक्स-रे काढला. चारातला वरचा स्नायू कडेनं फाटायला लागला होता. पूर्ण नाही, अर्धवट. विश्रांती दिली तर कदाचित आहे तसा राहील, टाकत राहिला तर जाणार. सर्जन म्हणाले, फॉर्म तू लिही, मी सही करतो. लिहायचं काय ते उघड होतं. वॉर्म-अपसुद्धा बंद, सीझन संपला.

लाइलला मी फोटो दाखवला, समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तीन आठवडे राहिलेत. हे लिहिलंत तर ते मला उद्या सोडतील, आणि पुन्हा मी इथेच संपेन, या टेबलावर. लिहू नका. प्लीज." सहा-सात महिन्यांत या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचा.

मी काय सांगू तुम्हाला. एवढी फटकळ बाई मी, सर्जनला तोंडावर चूक म्हणणारी, आणि त्या दिवशी नुसती पेन हातात धरून बसले. त्याच्यावर उगाच ओरडल्याचं मनाला लागलं होतं, त्याची भरपाई करावीशी वाटत होती. आणि खरं सांगते, दुसरंही होतं. माझा पेशंट मोठ्या लीगमध्ये गेलेला मला बघायचा होता. पंधरा वर्षं तळघरात काढल्यावर एकदा कोणीतरी म्हणायला हवं होतं, की हे शरयूनं केलं. मी फॉर्मवर लिहिलं, किंचित सूज, प्रगती समाधानकारक, खेळायला हरकत नाही. सर्जननी न वाचता सही केली. घरी चारुदत्तला सांगितलं नाही.

एक सप्टेंबरला त्याला बोलावणं आलं. जाताना हॉस्पिटलात येऊन गेला, सूट घालून. पहिले बारा दिवस त्याला खेळवलं नाही. तेराव्या दिवशी शनिवार होता. दुपारी आमच्याकडे गणपतीची मंडळी जमली होती, स्वयंपाकघरात मी, मालिनीताई आणि आणखी दोघी मोदकांच्या पाऱ्या करत होतो, आणि ओट्यावर माझा रेडिओ चालू होता. बेसबॉलच्या रेडिओवर बुलपेनमध्ये कोण उठलंय तेही सांगतात. पेटिग्रू उठला. मालिनीताई म्हणाल्या, तुझा तो ना? मी हो म्हटलं. पेटिग्रू बसला. थोड्या वेळानं पुन्हा उठला. पुन्हा बसला. माझ्या हातातली पारी फाटली. तिसऱ्यांदा उठला, आणि मग निवेदक म्हणाला की मॅनेजर मैदानात जातोय, हाताची खूण करतोय, पेटिग्रूला बोलावतोय. दोघी-तिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग रेडिओवर नुसता लोकांचा गोंगाट. निवेदक म्हणाला, काहीतरी घोटाळा दिसतो, कुंपणाचं दार उघडलंय पण कोणी बाहेर येत नाही. मग दार लागलं, आणि थोड्या वेळानं दुसराच एक पिचर आला. मालिनीताईंनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, सारण द्या इकडे.

ऑक्टोबरात तो परत माझ्या टेबलावर आला. आता तो स्नायू पूर्ण फाटला होता, ऑपरेशन करून शिवला होता, आणि सर्जननी सांगितलं होतं की बॉल विसरा, हात खांद्यापर्यंत वर गेला तरी पुष्कळ. झालं काय ते त्यानंच सांगितलं. बोलावण्याची खूण झाली तेव्हा तो म्हणाला, शेवटचा एक टाकून निघतो. तो एक टाकला आणि बॉल त्याच्याच पायाशी पडला. त्या वर्षीच्या बेसबॉलच्या आकडेवारीच्या पुस्तकात मोठ्या लीगमध्ये त्याच्या नावापुढे काहीच नाही. तो तिथे होता याचीसुद्धा कुठे नोंद नाही.

मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू वर न्यायला लागले. जेमतेम कमरेच्या वर आला आणि अडला. मला राहवलं नाही. म्हटलं, लाइल, मी तो फॉर्म तसा लिहायला नको होता. मला वाटलं तो म्हणेल, मीच तर सांगितलं होतं. हो, तेवढंच ऐकायची माझी इच्छा होती, त्यासाठीच तर मी बोलले.

तो छताकडे बघत होता. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मी मागणारच होतो, शेरी. मी पिचर आहे. तुम्ही नाही म्हणायचं होतं."

मग म्हणाला, "वर्षभर मला झापलंत. मला वाटलं होतं, त्या दिवशीही झापाल."

वेळ संपायला वीस मिनिटं होती. मी त्याला विचारलं, दुखतं का. तो म्हणाला, हो.